एक वीत, एक बोट

सोसायटीत सगळे त्यांना काका म्हणत, पण काका म्हणून त्यांच्या जवळ जायची सोय नव्हती. लिफ्टमध्ये ते आधीपासून असले आणि दुसरं कोणी आलं, की "तुम्ही जावा, मी मागून येतो" म्हणत स्वतः बाहेर येत. नव्या माणसाला हा आदर वाटे. जुन्यांना माहीत होतं की चार माणसांच्या लिफ्टमध्ये काकांच्या मते एकच माणूस मावतो. सभेला येत तेव्हा प्लॅस्टिकची खुर्ची स्वतः उचलून आणत, शेजारच्या खुर्चीपासून आपल्या हाताची वीत लावत आणि मग बसत. कोणी गंमत म्हणून खुर्ची जवळ सरकवली तर काही बोलत नसत. उठून पुन्हा वीत लावत.

काही बोलत नसत, हे इथेच नोंदवून ठेवते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. कोणाला 'नाही' म्हणताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. गच्चीवर सोलर बसवायचा, गेटची वेळ बदलायची, पार्किंगचे पट्टे नव्याने आखायचे. काकांची सही सगळ्यांच्या आधी. ते एका मोठ्या कारखान्यात मोजमापाची उपकरणं तपासायच्या खात्यात होते. दाबाचे काटे, तापमानाचे काटे, वजनाचे काटे. वडील गिरणीत, मूळ मालवणकडचे. काकांचा जन्म, शाळा, नोकरी सगळं मुंबईतलं, पण एक वाक्य ते कायम मालवणीत बोलत. "मी सांगणंय नाय, काटो सांगता." मी सांगत नाही, काटा सांगतो.

सोसायटीचा पाण्याचा पंप बदलला तेव्हा मिस्त्री काम करत होता आणि काका शेजारी स्टुलावर बसून चहा पीत होते. मी सेक्रेटरी. दोनदा खाली येऊन विचारलं, "काका, बरोबर चाललंय ना?" त्यांनी कप वर केला. काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सहीही केली. तिसऱ्या दिवशी मोटर जळली. टाकीकडून येणारा व्हॉल्व्ह मिस्त्रीने अर्धाच उघडा ठेवला होता, पंप जवळजवळ कोरडा चालत होता, आणि काट्यावर ते पहिल्या मिनिटापासून दिसत होतं.

"तुम्ही समोर बसला होतात की काका," मी म्हटलं.

"मी काट्यासमोर बसलेलो. तुमच्यापैकी कोण आला नाही बघायला."

आम्ही हसलो. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस त्याचे विनोद चालले, तीन दिवस सगळ्यांनी बादल्या भरल्या, आणि काका वल्ली आहेत यावर एकमत झालं. मी डायरीत लिहिलं: 'पुढच्या वेळी काकांना विचारू नये, काटा बघावा.' एवढी शहाणपणाची नोंद केली आणि विसरले.

त्यांच्या घरात मी पहिल्यांदा गेले ती तक्रार घेऊन. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंना भीती होती की वरची माशांची टाकी एक दिवस स्लॅबसकट आपल्या जेवणाच्या टेबलावर येणार. मी साकीनाक्याच्या एका वर्कशॉपचं स्टोअर सांभाळते. नट, बोल्ट, वॉशर, गास्केट, प्रत्येकाचा खण ठरलेला आणि प्रत्येक खणावर माझ्या अक्षरातली चिठ्ठी. तक्रार आली की मी आधी प्रश्नांची यादी करते. काकांनी यादी हातात घेतली, वाचली आणि उलट्या बाजूला आठही उत्तरं लिहून दिली. टाकीचं वजन, स्टँडचं वजन, कुठल्या बीमवर उभी आहे, सोसायटीच्या इंजिनियरची चिठ्ठी कुठल्या फाइलला आहे. मग म्हणाले, "तुमची यादी सरळ आहे. बसा."

बसायची जागाही ठरलेली होती. पाहुण्याच्या खुर्चीचे चार पाय कुठे यायला हवेत त्याच्या खुणा त्यांनी लादीवर चिकटपट्टीने केल्या होत्या.

हॉलची एक पूर्ण भिंत टाकीने व्यापली होती. मासे सहा-सातच. बाकी सगळी कोरलं. जांभळी, हिरवी, विटकरी, वाऱ्यावर हलल्यासारखी पाण्यात हलणारी. मला ती झाडं वाटली आणि मी तसं म्हटलं. काकांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"प्राणी आहेत ते. पाय नाहीत म्हणून तुम्हाला झाडं वाटतात. पाय नाहीत, म्हणजे शेजारी आवडला नाही तर उठून जाता येत नाही. मग काय करणार? दोरे सोडायचे आणि भाजून काढायचं शेजाऱ्याला. टोकाला विष असतं."

आपल्या किनाऱ्यावरचं कोरल घरात आणणं गुन्हा आहे, हेही त्यांनी लगेच सांगितलं. त्यांच्याकडची सगळी बाहेरच्या देशातल्या फार्मवर वाढलेली, प्रत्येकाचा कागद क्रमाने लावलेला. ती फाइल बघून मी त्यांची झालेच.

त्यानंतर साधारण दीड वर्ष मी दर शनिवारी चार वाजता त्यांच्याकडे जात होते. पाण्याचा खारटपणा कसा बघायचा, मीठ किती आधी विरघळवून ठेवायचं, मेलेला तुकडा वासावरून कसा ओळखायचा, हे सगळं शिकले. आणि अंतर. काकांच्या मते कोरलं पाळणं म्हणजे अंतर पाळणं. बाकी सगळं दुकानदारही सांगतो. मऊ कोरलांत चार बोटं, कडक कोरलांत एक वीत. मी डायरीत चौकट आखून लिहून घेतलं.

सात वाजता टाकीचे दिवे जायचे. आधी पांढरा, मग दहा मिनिटं नुसता निळा, मग अंधार. निळा लागला की काका उठून दार उघडायचे. जा म्हणायचे नाहीत. दार उघडून बाजूला उभे राहायचे. सातनंतर त्यांच्या घरात थांबलेला माणूस सोसायटीत कोणालाही आठवत नाही.

लोक त्यांना माणूसघाणे म्हणायचे. मला तसं वाटलं नाही, त्याला कारण आहे. आमच्या घरात अंतर हा शब्द साधा नाही. आईने तिच्या गावी विहिरीपासून किती लांब उभं राहायचं ते लहानपणीच शिकून घेतलं होतं. पुढे देवनारला आलो तेव्हा दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सात जण राहिलो; तिथे अंतर ठेवायचं म्हटलं तरी नव्हतं. काकांचं अंतर सगळ्यांना सारखं होतं. सोसायटीच्या चेअरमनला एक वीत आणि मला एक वीत. कोणाला बोटभर कमी नाही, कोणाला बोटभर जास्त नाही. मला तो न्याय वाटला. असा माणूस मी आधी बघितला नव्हता.

त्यांची मुलगी रेवती दर रविवारी चार ते सहा यायची. तिची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. रेवती चाळिशीच्या जवळ आलेली, घाटकोपरच्या एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेण्याचं काम करायची. सासर तिने सोडलं होतं, आणि सोडताना कोणाला कारण सांगितलं नव्हतं. तेवढं ती बापासारखी. महिलांच्या एका वसतिगृहात राहायची. दोन तासच का, असं मी काकांना एकदा विचारलं.

"दोन तास बरोबर आहेत," ते म्हणाले. "त्याच्यावर गेलं की दोघांचाही रंग उतरतो."

मी हे वाक्यही डायरीत लिहिलं. त्या वेळी मला ते फार आवडलं होतं.

एका रविवारी रेवती सहा वाजता उतरली ती माझ्या दाराशी आली. पाणी मागितलं, प्यायली, आणि ग्लास हातातच धरून उभी राहिली. वसतिगृहाची इमारत रिडेव्हलपमेंटला जाणार होती. महिनाअखेरीला सगळ्यांनी खोल्या सोडायच्या होत्या. तिला घरी यायचं होतं. काकांची आतली खोली म्हणजे तिचीच जुनी खोली. आता तिथे धाकटी टाकी होती, मिठाच्या बादल्या होत्या, पाणी गाळायचं यंत्र होतं.

"तुम्ही बोला ना ताई त्यांच्याशी. माझ्याशी ते फक्त पाण्याबद्दल बोलतात."

"तू विचारलंस का?"

"विचारलं. हो म्हणाले."

"मग अडलंय कुठे?"

"ते हो म्हणाले, तिथेच तर अडलंय," रेवती म्हणाली. मला ते कळलं नाही.

शनिवारी मी गेले. काका म्हणाले, "घर तिचंच आहे, येऊ दे की. जागेचं तेवढं बघा."

जागेचं बघा, हे त्यांनी माझ्यासारख्या बाईला सांगितलं. सात माणसांचं अंथरूण, शाळेची दप्तरं, स्टोव्ह, पिंप आणि बाबासाहेबांची तसबीर आईने एका खोलीत कशी बसवली ते बघत मी मोठी झाले आहे. जागा नाही म्हणणाऱ्याकडे यादी नसते, असं माझं मत होतं. मी दोन संध्याकाळी बसून यादी केली. एकूण सोळा कामं. मिठाच्या बादल्या बाल्कनीत, गाळायचं यंत्र सिंकखाली, आणि धाकट्या टाकीतली नऊ कोरलं हॉलच्या टाकीत. धाकटी टाकी रिकामी करून हलवणे, हे चौदावं काम.

नऊ कोरलं बसवायला जागा लागणार होती, आणि ती मला लगेच दिसली. हॉलच्या टाकीत डाव्या टोकाला एका खडकावर हिरवं कोरल होतं. काका त्याला गॅलेक्सी म्हणत. हिरव्या चांदण्यांचा गुच्छ असावा तसं, नारळाच्या करवंटीएवढं. त्याच्या आजूबाजूला नुसती पांढरी वाळू. बाकी टाकीत बोटं मोजून जागा दिलेली आणि इथे एवढी वाळू मोकळी. मला वाटलं, शोभेसाठी सोडली असेल. स्टोअरमध्ये मी असा मोकळा खण बघितला की पहिल्यांदा तो भरते.

स्टीलची फूटपट्टी घेऊन मी भर दुपारी टाकीच्या काचेवर मापं घेतली. आलेखाच्या कागदावर नकाशा काढला. गॅलेक्सीच्या शेजारी हातोडी ठेवायची असं ठरवलं. हातोडी म्हणजे बोटांच्या टोकांना छोट्या हातोड्या फुटल्यासारखं दिसणारं सोनेरी कोरल. रेवतीने पहिल्या पगारात काकांना आणून दिलेलं, तेव्हा सुपारीएवढं होतं, आता ओंजळीत मावत नव्हतं. दोघांमध्ये मी एक वीत ठेवली. नियमाप्रमाणे तेवढी पुरे होती. मनाच्या समाधानासाठी वर एक बोट दिलं.

काकांनी नकाशा दहा मिनिटं बघितला. मग पेन्सिल घेतली. जांभळ्या मशरूमला, म्हणजे अळंबीच्या टोपीसारख्या चपट्या कोरलाला, मी वरच्या खडकावर ठेवलं होतं. त्यांनी ते खोडून खाली कपारीत गोल काढला आणि म्हणाले, "ह्याला उजेड जास्त होईल तिथे." खाली तारीख घातली आणि सही केली.

मशरूमची दुरुस्ती झाली म्हणजे बाकीचा नकाशा तपासला गेला, असा अर्थ मी घेतला. कोणीही घेतला असता.

रविवारी आम्ही तिघांनी कोरलं हलवली. रेवती त्या दिवशी दोन तासांचा नियम विसरून सकाळीच आली होती. येताना पडद्याचं कापड आणलं होतं, मोरपंखी रंगाचं, आणि खिडकीचं माप घेऊन ते माझ्याच फूटपट्टीने तपासून बघितलं. बडबडत होती. लॅबमधल्या एका पेशंटची नक्कल केली, सुई बघून चेन्नईच्या मेहुण्याला फोन लावणाऱ्या माणसाची. काकाही हसले. खांद्यापर्यंत हात पाण्यात घालून ते एकेक कोरल बसवत होते, मी नकाशा वाचत होते, रेवती काचेतून बघून "थोडं डावीकडे बाबा" म्हणत होती. हातोडी शेवटी राहिली. ती हातात धरून काका थांबले. हात पाण्यातच, नजर रेवतीकडे. रेवतीही गप्प झाली. मला वाटलं, जुनी वस्तू आहे, दोघांना काही आठवत असेल. मी म्हटलं, "एक वीत, एक बोट." काकांनी हातोडी ठेवली.

निघताना मी यादीवर खुणा केल्या. तेरा कामं झाली होती. धाकटी टाकी रिकामी करायची तर काका म्हणाले, पाणी लगेच काढायला नको, राहू दे चार दिवस. पंप चालूच होता. दिवाही चालू होता. चौदा नंबरपुढची जागा मी मोकळी ठेवली आणि पुढच्या रविवारी करू म्हटलं.

पुढच्या रविवारी सकाळी रेवती दोन बॅगा घेऊन आली. मी तिच्याबरोबर वर गेले, एक बॅग माझ्या हातात. दार उघडल्याबरोबर वास आला. हातोडीच्या अर्ध्या अंगावर तपकिरी, चिकट काहीतरी पसरलं होतं, आणि बाकी अर्ध्यावर पांढरी हाडं दिसत होती. सोनेरी रंग कुठेच नव्हता. तिच्या पलीकडची दोन कोरलंही मिटली होती. गॅलेक्सी होती तशी, हिरवीगार.

काका पाहुण्यांच्या खुर्चीत बसले होते, चिकटपट्टीवर.

"गॅलेक्सीने भाजली," ते म्हणाले. "मी काही बोललो नव्हतो. कोरलं आपापलं सांगतात. एवढं सगळं एका टाकीत नाही राहत."

मी नकाशा पिशवीतून काढला. मी स्वतः मापलं होतं, परत मापलं. एक वीत, एक बोट. माप बरोबर होतं. मग चूक कुठे झाली ते मला कळेना, आणि न कळलेली चूक माझीच असणार, कारण नकाशा माझा होता.

रेवती काचेजवळ गेली. बराच वेळ बघत राहिली. रडली नाही. मग वळून म्हणाली, "सॉरी, बाबा."

काकांनी मान हलवली. त्यांनी ती माफी घेतली. मला आजही ती मान हलताना दिसते.

दुपारपर्यंत जगलेली सगळी कोरलं धाकट्या टाकीत परत गेली. पाणी तयारच होतं, दिवाही. रेवतीच्या दोन्ही बॅगा चार दिवस माझ्याकडे राहिल्या आणि मग ती कळव्याला दोन नर्सबरोबर एका खोलीत राहायला गेली. पडद्याचं कापड तिने मलाच दिलं, म्हणाली माझ्याकडे खिडकी नाही.

मी शनिवारी जाणं थांबवलं. डायरीत त्या रविवारच्या पानावर लिहिलं, 'माझ्या मापामुळे रेवतीचं घर गेलं.' ते खोडायचं मला कधी सुचलं नाही. काका लिफ्टपाशी भेटले की बाहेर येऊन मला आत जाऊ देत आणि म्हणत, "होतं असं, सेक्रेटरीबाई. सगळ्यांनाच अंदाज येतो असं नाही." ते मला क्षमा करत होते. दोन वर्षं, जेव्हा भेटतील तेव्हा. आणि मी दर वेळी त्यांना थँक्यू म्हणत होते.

गेल्या वर्षी काका गेले. छातीत दुखतंय म्हणून स्वतःच रिक्षा करून हॉस्पिटलात गेले आणि तिसऱ्या दिवशी गेले. रेवती सगळं करायला आली. शेजारपाजारचे होते, चेअरमन होते, खुर्च्या एकमेकांना चिकटून मांडल्या होत्या. आठ दिवसांनी तिने मला विचारलं, घर आवरायला मदत कराल का. मी म्हटलं, यादी करते.

टाकीखालच्या कपाटात निळी वही सापडली. प्रत्येक कोरलाचं एक पान. मी तिथेच लादीवर बसून वाचायला लागले, कारण मला शिकवताना ही वही त्यांनी कधी उघडली नव्हती. गॅलेक्सीच्या पानावर जुन्या शाईत होतं: 'उजेडात तीन बोटं. अंधारात दीड वीत. शेजारी काहीही ठेवू नये.'

दीड वीत. सात वाजल्यानंतर.

मी पानं उलटून त्या रविवारवर आले. माझा नकाशा तिथे घडी घालून ठेवलेला होता, त्यांच्या सहीसकट. खाली त्यांचं बारीक, सरळ अक्षर. 'गॅलेक्सी आणि हातोडी, एक वीत एक बोट. पोहोचेल. बोललो नाही. धाकटी टाकी चालू ठेवली.' पुढच्या रविवारी: 'हातोडी गेली. र. रडली नाही.'

मला आधी पंप आठवला. स्टूल, चहाचा कप, आणि मी किती हसले होते ते. मग दोन वर्षांतला लिफ्टसमोरचा प्रत्येक थँक्यू. मुलीला 'नको येऊस' एवढं म्हणायला नको म्हणून या माणसाने तिनेच दिलेलं, स्वतः चौदा-पंधरा वर्षं वाढवलेलं कोरल स्वतःच्या हाताने नेऊन मरायला ठेवलं. आणि माप माझं वापरलं.

ती वही मी एक दिवस माझ्या घरी ठेवली. रेवतीला दाखवावी की नाही, याच्या दोन बाजू एका कागदावर लिहिल्या. न दाखवायची बाजू मोठी झाली. बाप गेलेला, बाई आधीच एकटी, आता कळून काय करणार. पण जी वस्तू आहे ती यादीत नाही, हे मला जमत नाही. दुसऱ्या दिवशी मी लिहिलं: '३०. वही, निळी, एक.' आणि रेवती आल्यावर यादीआधी वहीच तिच्या हातात दिली, ते पान उघडून.

तिने उभ्यानेच वाचलं. मी म्हटलं, "तुझी चूक नव्हती गं. माझीही नव्हती."

"तुम्हाला हे आत्ता कळलं, ताई?"

तिने टाकीकडे मान केली.

"गॅलेक्सी मी कॉलेजला होते तेव्हा आली. मी ह्याच हॉलमध्ये अभ्यास करायचे, तिच्यासमोर. दिवे गेले की तिचे दोरे कुठपर्यंत येतात ते मला वहीत कशाला बघायला पाहिजे?"

"मग तू बोलली का नाहीस? नकाशा तूही बघितला होतास."

"ते बोलतात का ते बघत होते मी." तिचा आवाज लॅबमध्ये नाव-वय विचारताना असेल तसा होता. "हातोडी हातात धरून थांबले ना, तेव्हा वाटलं, आता बोलतील. राहू दे म्हणतील, ही इथे नको. तेवढं म्हणाले असते तरी चाललं असतं मला. मग नसते पण आले मी राहायला."

पाण्यात हात घातलेला बाप आणि काचेपलीकडे मुलगी, दोघांनाही दीड वीत माहीत होती. दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत होती. मध्ये मी मोठ्याने माप वाचत होते.

"सॉरी कशाला म्हणालीस मग?" मी विचारलं. मला राग आला होता आणि तो नेमका कोणावर ते कळत नव्हतं.

"मला कळलंय, हे त्यांना समजावं म्हणून." तिने वही मिटली. "समजलं असेल."

नकाशा तिच्या हातात राहिला होता. तिने तो उघडला, माझ्या आखलेल्या रेघा, आकडे, खालची सही बघितली, आणि पेन्सिलच्या त्या गोलावर तिचं बोट थांबलं.

"मशरूमला उजेड जास्त होईल," ती म्हणाली. "हे मात्र सांगितलं त्यांनी."

मग तिने यादी मागितली आणि तिसाव्या नोंदीसमोर सही केली.